किल्ला कोणाचा?

आश्विन सरत आला, की महाराष्ट्राबाहेरच्या सरकारी वसाहतींतून एक दृश्य हमखास दिसते. रविवारची सकाळ असते. क्वार्टरच्या मागल्या अंगणात एक गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात बसलेले असतात. शेजारी फुटक्या विटांचा ढीग, बादलीत भिजत घातलेले गोणपाट, आणि पाण्याचा तांब्या हातात धरून उभे असलेले सात-आठ वर्षांचे मूल. गृहस्थ म्हणतात, "आण", मूल आणते. गृहस्थ म्हणतात, "थांब", मूल थांबते. दुपारपर्यंत बालेकिल्ला उभा राहतो, तटाला बुरूज येतात, पायथ्याशी खंदक खणला जातो. संध्याकाळी शेजारचे बंगाली वा पंजाबी सहकारी पाहावयास येतात, तेव्हा गृहस्थ मोठ्या प्रेमाने सांगतात, "हा आमच्या चिरंजीवांनी केलेला किल्ला." चिरंजीव तांब्या घेऊन उभेच असतात.

या थोड्याशा हास्यास्पद दृश्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. मुलाच्या खेळात आपली इच्छा घालण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? इच्छा वाईट असती तर विचाराचे कारणच नव्हते. मुलाने आपली भाषा बोलावी, आपल्या मुलखाचे किल्ले त्याच्या बोटांना ठाऊक असावेत, ही इच्छा चांगली आहे. आणि चांगली इच्छा आपल्याला स्वतःकडे पाहू देत नाही, म्हणूनच प्रश्न पडतो.

पुण्यास किंवा साताऱ्यास लहानपण गेलेल्यांनी आठवून पाहावे. किल्ला करावयास आपल्याला वडिलांनी शिकविले होते काय? बहुतेकांचे उत्तर नाही असेच येईल. तो वाड्यातल्या थोरल्या मुलांनी शिकविला. विटा कोणाच्या बांधकामावरून उचलाव्या, गोणपाट मातीच्या राड्यात किती वेळ ठेवावे म्हणजे ते दगडांवर डोंगरासारखे बसते, हळीव नि मोहरी चार-पाच दिवस आधी पेरली म्हणजे ऐन दिवाळीत तट हिरवा दिसतो, ही सारी विद्या एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे गेली. मोठ्या माणसांचा संबंध आला तो रागावण्यापुरता. "अंगण घाण करू नका", एवढेच त्यांचे त्या कलेस साहाय्य! किल्ला ही मुलांची संस्था होती. तिचे कायदे मुलांनी केलेले होते, आणि शेजारच्या वाड्यातला किल्ला आपल्यापेक्षा उंच झाला ही तिच्यातली एकमेव शोकांतिका होती.

परप्रांतात हा वाडा नाही. थोरली मुले नाहीत. मग त्यांच्या रिकाम्या जागेवर बाप जाऊन बसतो. तो लबाडी करीत नाही. जागा रिकामी आहे म्हणूनच बसतो. परंतु बसताक्षणी एक फेर पडतो. थोरल्या मुलाला किल्ला हवा असे. बापाला आपले बालपण हवे असते. तो मुलाच्या हातात खेळ ठेवीत नाही, खेळाची आठवण ठेवतो, आणि आठवणीत फेरफार केलेला कोणालाच खपत नाही. म्हणून अशा घरांतला किल्ला बहुधा रायगडच असतो. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांतील अकरा महाराष्ट्रातले असले तरी बारावा जिंजीचा, म्हणजे तमिळनाडूतला आहे. राजाराम महाराज आठ वर्षे तेथे तग धरून होते. तरीही चेन्नईला बदली झालेला आमचा माणूस अंगणात जिंजी बांधावयास घेत नाही. त्याला रायगडच हवा, आणि तोही छायाचित्राशी ताडून पाहिलेला.

माती मात्र असल्या हट्टाला दाद देत नाही. गंगेच्या मैदानात दगड मिळत नाही. गाळाची मऊ, पिवळट माती आणि विटांचे तुकडे यांवर भागवावे लागते, आणि त्यांतून सह्याद्रीचे कातळ काही केल्या निघत नाहीत. माळव्यातली काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते, पण वाळली की आक्रसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बालेकिल्ल्यापासून पायथ्यापर्यंत भेगा पडलेल्या दिसतात. चेन्नईकडची गोष्ट तर आणखीच न्यारी. तेथे दिवाळीच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस उभा असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे उठून पाहावे तो महाराज आणि मावळे खंदकात आडवे झालेले! मातीला आपल्या आठवणीशी कर्तव्य नसते. तिचा हा गुण मुलाला चटकन कळतो. आपल्याला उशिरा कळतो.

आम्हांस तो कसा कळला ते सांगितल्याखेरीज पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गंगेच्या काठच्या एका जिल्ह्याच्या गावी असताना आम्हीही असाच एक किल्ला मुलाला तांब्या धरावयास लावून बांधला होता. तो पुरा झाल्यावर हात धुवावयास आत गेलो, तेवढ्यात चिरंजीवांनी महादरवाजासमोर आपला पत्र्याचा ट्रक आणून उभा केला. त्यात काड्यापेट्या रचून वर दोरा बांधला होता. आम्ही समजुतीच्या स्वरात म्हटले, "अरे, शिवाजी महाराजांच्या वेळी ट्रक कुठले?" आणि ट्रक उचलून बाजूस ठेवला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मावळे मांडावयास हाक मारली, तर म्हणाला, "तुम्हीच मांडा, बाबा." दोन वर्षांत आमच्या दोन बदल्या झाल्या होत्या. काड्यापेट्या म्हणजे सामान होते हे ध्यानी यावयास आम्हांस आठवडा लागला, आणि तेही सौभाग्यवतींनी सांगितले तेव्हा.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे नाव ज्या प्रसंगावरून पडले, तो या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. देवलांच्या संगीत नाटकामुळे ही कथा मराठी रसिकांच्या परिचयाची आहे. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या श्रीमंत मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला. ती परत गेली तेव्हा दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली. ती नको म्हणून तो रडू लागला. वसंतसेनेचे अंतःकरण द्रवते. ती अंगावरचे दागिने काढून मातीच्या गाडीत भरते आणि याची सोन्याची गाडी करून घे म्हणते. आजवर आपण या प्रसंगाकडे वात्सल्याचा उत्कर्ष म्हणून पाहिले, आणि तो आहेही. परंतु पुढे काय होते? चारुदत्त ते दागिने परत करावयास मैत्रेयाकडे देतो, ते न्यायसभेत त्याच्याजवळून खाली पडतात, आणि वसंतसेनेच्या खुनाचा पुरावा म्हणून तेच चारुदत्ताच्या गळ्याशी येतात. मोठ्यांच्या व्यवहारातले सोने मुलाच्या गाडीत पडले आणि गाडी मोठ्यांच्या व्यवहाराला जुंपली गेली. मग रोहसेनाच्या खेळाचे काय झाले, हे विचारावयास नाटकात कोणाला सवड नाही.

आम्हांस मात्र सर्वांत अधिक विचार करावासा वाटतो तो रदनिकेचा. तिने मातीची गाडी केली. कशी केली, मुलाला हाताशी घेऊन की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकटीने, हे शूद्रक सांगत नाही. ती तयार होऊन मुलाच्या हाती आली, एवढेच दिसते. तयार मिळालेली मातीची गाडी तयार मिळालेल्या सोन्याच्या गाडीपुढे हरणारच. जी गाडी रोहसेनाने स्वतः वळली असती, जिचे एक चाक वाकडे झाले असते, ती त्याने सोन्याच्या गाडीशी बदलली असती काय? आम्हांस वाटते, निदान लगेच बदलली नसती.

येथे कोणी म्हणेल, मग मुलाला मोकळे सोडा; बापाने वर्तमानपत्र वाचीत बसावे. हे उत्तर सोपे आहे आणि आमच्या मते ती पळवाट आहे. ज्या मुलाने कधी माती मळली नाही, त्याला मातीचा ढीग दाखवून "खेळ" म्हणणे हे त्याच्या स्वातंत्र्याचा आदर करणे नव्हे. तो पाच मिनिटे उकरील आणि मोबाइल मागेल. मग बाजारातला प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला आणून व्हरांड्यात ठेवला जाईल, आणि आपण काळाला दोष देऊ. हात शिकवावे लागतात. 1837 साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे फ्रोबेलने लहान मुलांसाठी आपली संस्था काढली, तेव्हा लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे देण्यात त्याचा हेतू हाच होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसमवेत मॉन्टेसरीचे काम केले. पण 1945 साली बोर्डीच्या किनाऱ्यावर त्यांनी गावातल्या मुलांसाठी काम मांडले, तेव्हा महागडी साधने उपयोगाची नव्हती. शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली, आणि वस्तीतल्या अंगणात भरणारी अंगणवाडी ही कल्पना तेथे रुजली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यातला विचार आहे. अंगण कोणाचे, हे त्या विसरल्या नाहीत.

अरविंद गुप्ता यांचे उदाहरण तर आपणा परप्रांतीयांना अधिक जवळचे. पुण्यातल्या मोटारी बनविणाऱ्या कारखान्यातील हा अभियंता 1978 साली मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात जाऊन राहिला, आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे व आगकाड्या यांच्यापासून त्रिकोण, चौकोन, घन जोडण्याची युक्ती त्याने रूढ केली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. पूल आणि मनोरे त्रिकोणांनी का बांधतात ते मुलाच्या बोटाला कळते. पुढे काय बांधावयाचे ते ज्याचे त्याने पाहावे.

म्हणजे हातोटी द्यावी आणि चित्र देऊ नये, असा नियम करता येईल काय? काही काळ आम्हांस तो पुरेसा वाटला. परंतु तो पुरता खरा नाही. गोणपाट राड्यात भिजवून डोंगर करावयाची हातोटी दिली, की तिच्याबरोबर डोंगरही दिला गेला. बुरूज वळावयास शिकविले, की किल्ल्याची कल्पना आलीच. मुलाला काहीच न देणे शक्य नाही. भाषासुद्धा आपण त्याला विचारून दिलेली नाही. फरक पडतो तो दिल्यानंतर. दिलेल्या वस्तूवर आपली नजर राहते की नाही, मुलाने तिचे भलतेच काही केले तर आपला हात ती सावरावयास पुढे जातो की नाही, इतकाच तो फरक आहे, आणि तो फार अवघड आहे. दफ्तरात सहाय्यकाचा मसुदा शब्दन् शब्द खोडून पुन्हा लिहिणाऱ्या आम्हां लोकांना तर विशेषच.

शेजारची मुले अंगणात आली म्हणजे ही परीक्षा रोजच होते. माळव्यातल्या मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा काढतात. फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवितात, आणि शेवटी 'किलाकोट' काढतात, म्हणजे किल्लाच. बिहारकडच्या मुली दिवाळीत मातीचा घरौंदा बांधतात आणि त्याच्यापुढे इवल्या बोळक्यांत लाह्या-चुरमुरे भरून ठेवतात; आमच्या भातुकलीची ती सख्खी बहीण म्हणावी. बंगाली मुले श्रावणात झुलन मांडताना चिखलात बुडविलेल्या फडक्याचे डोंगर करतात आणि रंगविलेल्या भुशाचे रस्ते घालतात, ते पाहून तर आपले गोणपाट कोणी पळविले असा भास व्हावा. हे सारे आपल्या किल्ल्याला येऊन भिडते. पाटण्याची मैत्रीण बालेकिल्ल्यावर घर बांधू म्हणते, कोलकात्याचा मित्र रस्त्याला हिरवा भुसा आणतो. अशा वेळी "आमच्यात असे नसते" हे वाक्य ओठांवर येते. ते गिळावे की बोलावे? बोलले तर खेळ मोडतो. गिळले तर आपले काहीतरी निसटते, आणि ते निसटल्याचे दुःख खोटे नाही. ते नाकारणाऱ्याला आम्ही उदार म्हणणार नाही, नुसता विसरभोळा म्हणू.

आम्हांस एकच मार्ग सुचला, आणि तोही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून नव्हे. आपल्याला रायगड हवा असेल तर तो आपण आपला निराळा करावा. चाळिशी उलटलेल्या मनुष्याने स्वतःसाठी चिखलात बसण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटते म्हणूनच तर आपण मुलाचे नाव पुढे करतो. पुढल्या वर्षी माळव्यात बदली झाल्यावर आम्ही अंगणाच्या एका कोपऱ्यात छायाचित्र समोर ठेवून आपला रायगड घेतला, आणि दुसरा कोपरा, अर्ध्या विटा व एक गोणपाट चिरंजीवांच्या स्वाधीन केले. राडा कसा करावयाचा तेवढे त्याने विचारले, तेवढे सांगितले. दोन्ही किल्ले काळ्या मातीचे, तेव्हा दोन्हींना भेगा पडल्या. आम्ही आमच्या भेगा शेणमातीने लिंपीत बसलो. त्याने आपल्या भेगांत चुना भरून नद्या केल्या. वसाहतीतल्या दोन मुलींनी त्याच्या माथ्यावर संजाची चांदणी काढली, आणि ती चांदणी म्हणजे रात्री दिसणारा दिवा आहे असे ठरले. भाऊबीजेच्या सकाळी तो आमच्या कोपऱ्यात आला, बराच वेळ महादरवाजा पाहत उभा राहिला, आणि म्हणाला, "बाबा, तुमचा रस्ता फार अरुंद आहे. ट्रक वळणार नाही." आम्ही रस्ता रुंद करावयास घेतला, तेव्हा पाण्याचा तांब्या आणावयास तो आपण होऊन गेला.