काचेतला चरखा

पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा हॉलच्या भिंतीवर काय लावायचं हे मी आधीच ठरवलं होतं. वर्ध्याच्या घरी आजीचा पेटी चरखा पडून आहे. तो काचेच्या चौकटीत बसवायचा, वर एक पिवळा दिवा. दिवाळीत आजीला विचारलं. ती म्हणाली, "चालवशील तं ने बाबू. भिंतीले लटकवाले कायले पायजे?"

मला राग आला. मी तर चरख्याला मान देत होतो!

दुसऱ्या दिवशी मगन संग्रहालयात गेलो, शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. नाव मगनलाल गांधींचं. चरख्याच्या तंत्रासाठी झिजलेला हा माणूस १९२८ मध्ये गेला. याच मगनवाडीतून कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचं काम चालवायचे. म्हणजे संग्रहालय उघडलं तेव्हा आतली अवजारं 'जुनी' नव्हतीच. बघा आणि गावात जाऊन करा, असं ते प्रदर्शन होतं. आज आपण बघतो, फोटो काढतो आणि निघतो.

मग काचेत ठेवणं हा सन्मान की निरोप?

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी चित्रं केली होती. हातकागदावर शिंपी, ढोल वाजवणारे, राबणाऱ्या बाया. ती उघड्यावर लावली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांना दिसावीत म्हणून. आता ती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. २०१९ मध्ये त्यांतली काही व्हेनिसच्या बिएनालेतही लागली. उन्हापावसात राहिली असती तर एकही उरलं नसतं. तिथे काच हवीच.

पण चित्राचं काम दिसणं आहे. ते काचेमागूनही होतं, फक्त बघणारे बदलतात. चरख्याचं काम सूत काढणं आहे. काचेमागे तो फक्त चरख्यासारखा दिसतो.

सगळे चरखे फिरलेच पाहिजेत, असं मी म्हणत नाही. दिवसभर कोड लिहिणारा मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि संग्रहालयं नसती तर मला मगनलाल कळलेही नसते. प्रश्न माझ्या भिंतीचा आहे. वस्तू आपल्याकडे काहीतरी मागत असते: हात, वेळ, सवय. ते द्यायचं नसलं की आपण तिला मान देतो. मान स्वस्त पडतो. बाबांच्या कपाशीचा फोटो माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर आहे. यंदा वेचणीला मात्र मी एकही दिवस गेलो नव्हतो.

मगन संग्रहालयाच्या आवारात आजही खादी विकली जाते. काचेच्या बाहेरचा तो कोपरा मला सगळ्यात जिवंत वाटला.

चरखा अजून वर्ध्यातच आहे. निघायच्या आदल्या रात्री आजीने पेळू हातात दिला. धागा अकरा वेळा तुटला. बाराव्यांदा वीतभर निघाला. आजी म्हणाली, "आता पुढच्या सुट्टीत ये."

पुण्यातली भिंत रिकामी आहे. तशीच राहू दे.