सात नंबरची गोळी

मे महिन्यातला शनिवार होता. कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, माळावरच्या जुन्या फायरिंग रेंजवर दोन दिवसांचं रायफल शिबिर भरलं होतं. पत्र्याच्या शेडखाली आठ चटया अंथरल्या होत्या, समोर पन्नास मीटरवर आठ टार्गेटं आणि त्यांच्यामागे मातीचा उंच बांध. सकाळी साडेसहाला लाल झेंडा वर चढला, तेव्हा हवेत थोडा गारवा होता. नऊ वाजेपर्यंत तो पार गेला.

स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक आणल्यापासून या भागात रायफल धरू पाहणाऱ्या पोरांची रीघ लागली आहे. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पदक मिळालं ते पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात. त्याच्या कितीतरी आधी, २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. शिबिराला आलेल्या प्रत्येकाला ही दोन नावं पाठ होती. चार नंबरच्या चटईवरच्या मुलीच्या वहीत तर दोघांची कात्रणं चिकटवलेली होती.

रेंजवर कुणाला नावाने हाक मारत नाहीत, चटईचा नंबर हेच नाव. चार नंबर म्हणजे बारावी झालेली एनसीसीची कॅडेट. पाच नंबरला गावच्या दूध संस्थेचे सचिव होते, पन्नाशी ओलांडलेले. आयुष्यात एकदा तरी नीट नेम धरायला शिकायचं, एवढीच त्यांची इच्छा. सहा नंबरला नववीतला एक उतावळा पोरगा. शिकवणारे होते फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार.

सुभेदारांनी पहिल्या तासाला रायफलीला हातच लावू दिला नाही. प्रत्येकाला एक वही आणि पेन्सिल दिली.

"गोळी सुटली की दुर्बिणीकडे वळायचं नाही," ते म्हणाले. "आधी वहीत लिहायचं, गोळी कुठं गेली ते. घड्याळाच्या काट्यानं सांगायचं. नऊ, दोन वाजता. आठ, सहा वाजता. लिहून झालं की मग बघायचं."

"न बघता कसं कळणार, सर?" सहा नंबरने विचारलं.

"ट्रिगर सुटला त्या क्षणी फोरसाईट कुठं होती, ते तुझ्या डोळ्यानं पाहिलेलं असतंय. टार्गेटला विचारायच्या आधी स्वतःला विचार."

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांनी सगळ्या गोळ्या दहा लिहिल्या. सुभेदार कुणाला रागावले नाहीत. वह्या चाळल्या, परत दिल्या आणि दुसरी फेरी लावली.

या पद्धतीत मोठं शहाणपण आहे. पन्नास मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल सव्वाअकरा सेंटिमीटरचा असतो आणि त्यातलं दहाचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचं. एवढ्याशा जागेत गोळी गेली नाही तर चूक कुणाची, रायफलीची की माणसाची, हे नुसत्या भोकावरून सांगता येत नाही. नेमबाजाने आठ लिहिलं आणि भोकही तिथेच निघालं, तर साईट ठीक आहे, हात सुधारायचा. त्याने प्रामाणिकपणे दहा लिहिलं आणि भोक प्रत्येक वेळी डावीकडेच निघालं, तर हात ठीक आहे, साईट फिरवायची. पण वहीच खोटी असेल तर उस्तादाला इलाज उरत नाही. ज्याने आपली गोळी आपणच ओळखायचं टाळलं, त्याला जगातला कुठलाही गुरू शिकवू शकत नाही, असं मला मनापासून वाटतं.

चार नंबरने हे लवकर ओळखलं. दुसऱ्या फेरीपासून तिच्या वहीत दहाच्या जोडीला इतर आकडे दिसू लागले. "आठ, पाच वाजता, श्वास सुटला." "नऊ, नऊ वाजता, घाई." दूध संस्थेच्या मामांच्या वहीत सहा आणि सात होते, अक्षर मात्र हिशेबाच्या वहीतल्यासारखं टापटीप. सहा नंबरची वही दहांनी भरत राहिली.

ऊन वाढत गेलं तशी खरी परीक्षा सुरू झाली. नेमबाजीचा जाड कॅनव्हासचा कोट अंगाला घट्ट बसतो, कारण त्यानेच शरीर स्थिर राहतं. मे महिन्यात तो घालून पालथं झोपायचं म्हणजे कोटाच्या आत घामाच्या धारा. गालाचा घाम रायफलीच्या दस्त्यावर उतरतो, गाल सरकतो, गाल सरकला की डोळा सरकतो. अंगातलं पाणी कमी झालं की हृदय जोरात चालायला लागतं आणि दंडावर आवळलेल्या पट्ट्यातून प्रत्येक ठोका फोरसाईटपर्यंत पोहोचतो. त्यातच तापलेल्या माळावरून हवा थरथरत वर चढते आणि समोरचा काळा गोल वितळल्यासारखा हलतो. वारा सुटला की तो वाऱ्याच्या दिशेला सरकलेला दिसतो. नवशिका त्याच्या मागे धावतो. जाणता रायफल खाली घेतो, बोल्ट उघडतो, डोळे मिटून घेतो आणि पहिल्यापासून नेम धरतो.

अकरा ते चार सुभेदारांनी गोळीबार बंद ठेवला. शेडमागच्या चिंचेखाली नाचणीच्या आंबिलाची घागर ठेवली होती. तिथे बसून त्यांनी श्वास, ट्रिगर, कोपराची जागा यावर सांगितलं. एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा बजावली. पालथ्या पोझिशनमध्ये डावं कोपर बोटभर सरकलं, तर पन्नास मीटरवर नळीचं तोंड थेट शेजारच्या टार्गेटवर जातं. मागच्या साईटच्या बारीक छिद्रातून फक्त काळा गोल दिसतो आणि सगळे काळे गोल सारखेच. टार्गेटवरचा नंबर त्या छिद्रात येत नाही. म्हणून जागेवरून हललात की छिद्राबाहेरून आधी नंबर बघायचा, मग डोळा लावायचा.

रविवारी सकाळी शेवटची फेरी होती. दहा गोळ्या, पंधरा मिनिटं. पहिला येईल त्याला पावसाळाभर सरावासाठी क्लबची चांगली रायफल मिळणार होती आणि गोळ्यांचा खर्चही क्लब करणार होता. शहरातल्या पोरांना याची किंमत कळायची नाही. बंदुकीपेक्षा गोळ्यांनीच इथल्या कित्येक मुलांचा खेळ संपवला आहे. चार नंबरचे वडील ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर चालवतात. ती रात्रभर झोपली नव्हती.

सुभेदारांनी सगळ्या दुर्बिणी उचलून नेल्या. या फेरीत भोक बघायचंच नाही, फक्त वहीत लिहायचं.

सहाव्या गोळीनंतर चार नंबरच्या उजव्या डोळ्यात घाम गेला. तिने रायफल खाली घेतली, बोल्ट उघडला, तोंड पुसलं, दोन घोट पाणी प्यायली आणि पुन्हा चटईवर आडवी झाली. सातवी गोळी सुटतानाच तिला कळलं की ट्रिगर ओढला गेला आहे. तिने पेन्सिल उचलली. क्षणभर थांबली आणि लिहिलं, "आठ, चार वाजता, ओढला." मग पुन्हा खाली घेतलं, कोपर नव्याने रोवलं आणि उरलेल्या तीन गोळ्या शांतपणे मारल्या.

कार्डं तपासायला शाळेतले निवृत्त क्रीडाशिक्षक बसले होते. चार नंबरचं कार्ड त्यांनी उजेडाला धरलं. नऊच भोकं. पाच दहा, चार नऊ. बेरीज शहाऐंशी. पण दहाच्या वर्तुळातलं एक भोक जरा रुंद होतं, एका कडेला फाटलेलं.

"पोरी, यात दोन गोळ्या गेल्यात असं दिसतंय," मास्तर आनंदाने म्हणाले. "एकावर एक. दहा धरतो. शहाण्णव. तूच पहिली."

मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. असं खरोखर होतं आणि भोकाच्या कडेवरून नक्की ठरवणं अवघड असतं. तिचं तोंड उजळलं. पाठीमागे कुणीतरी टाळीही वाजवली.

मास्तरांनी पुढचं कार्ड घेतलं आणि थबकले. दूध संस्थेच्या मामांच्या टार्गेटवर अकरा भोकं होती.

नियम कडक आहे. ठरल्यापेक्षा जास्त भोकं निघाली आणि ती जादा गोळी दुसऱ्या कुणाची हे सिद्ध झालं नाही, तर सर्वांत जास्त गुणांची गोळी बाद करतात. मामांच्या कार्डावर सहा, सात, आठ असे आकडे होते आणि मधोमध एकच दहा. मामांचा आयुष्यातला पहिला. मास्तरांनी लाल पेन उचललं.

सहा नंबरच्या कार्डावरही नऊच भोकं होती, म्हणजे जादा गोळी त्याची असू शकत होती. त्याची वही मागवली. तिच्यात दहाच्या दहा गोळ्या दहा लिहिलेल्या होत्या. त्या वहीला काही विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने काही लपवलं म्हणून नव्हे. त्या पोराच्या बाजूचं किंवा विरुद्ध, काहीच सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

चार नंबर उभी होती. तिने आपली वही उघडली, सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, माझी सातवी गोळी दहात नाही."

"अगं, भोक बघ की."

"भोक एकाच गोळीचं आहे. सातवी मी आठ लिहिलीय, चार वाजता. माझ्या कार्डावर आठ कुठंच नाही."

मास्तरांनी मामांचं कार्ड तिच्यापुढे धरलं. दहाच्या खाली उजवीकडे, घड्याळात चार वाजतात तिथे, आठच्या वर्तुळात एक स्वच्छ भोक होतं. मामांची टापटीप वही शेजारी ठेवली. तिच्यातल्या दहा ओळी एकेका भोकाशी जुळल्या. चार वाजताच्या आठाची तेवढी ओळ नव्हती.

"राहू दे पोरी," मामा गडबडीने म्हणाले. "माझा एक दहा गेला तर मला काय रायफल मिळायची आहे? तुझं नुकसान करून घेऊ नको. मास्तर, काटा तो दहा."

"मामा, तो दहा तुमचा आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण वही तिने मिटली नाही.

तोवर सुभेदार आले होते. त्यांनी दोन्ही कार्डं आणि दोन्ही वह्या पाहिल्या, एक शब्द न बोलता मास्तरांच्या हातातलं लाल पेन घेतलं आणि मामांच्या कार्डावरच्या आठाभोवती गोल काढून शेजारी लिहिलं, "चार नंबरची." मग चार नंबरच्या कार्डावर सातव्या गोळीपुढे शून्य लिहिलं. शहाऐंशी कायम राहिले. दोन नंबरच्या मुलाचे एक्क्याण्णव होते, रायफल त्याला मिळाली.

कुणी तिच्यासाठी वेगळं बक्षीस जाहीर केलं नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. तिने जे केलं त्याची किंमत तिने मोजली होती. ती परत केली असती तर तिच्या करणीचा सौदा झाला असता.

जेवणं झाल्यावर सुभेदार चिंचेखाली तिच्याजवळ येऊन बसले. तिची वही आणि कार्ड मांडीवर घेऊन त्यांनी उरलेल्या नऊ गोळ्या एकेक करून ताडून पाहिल्या. तिने जिथे लिहिलं होतं तिथेच प्रत्येक भोक होतं.

"तुझ्या साईटला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "डोळा बरोबर, हात बरोबर. उठून परत झोपताना नंबर बघितला नाहीस, एवढंच चुकलं. ते मी शिकवलं होतं, पण सवय लावून घेतली नव्हती. आता लावू. चल, कोट घाल."

"आता? या उन्हात, सर?"

"चूक उन्हात झाली, बाळ. सावलीत शिकून काय उपयोग?"

रिकाम्या रायफलीवर तासभर सराव चालला. आडवं व्हायचं, कोपर रोवायचं, मान वर करून नंबर मोठ्याने म्हणायचा, मग डोळा लावायचा, उठायचं, पुन्हा आडवं व्हायचं. थोड्या वेळाने दोन नंबरचा मुलगा आपली नवी मिळालेली रायफल तशीच ठेवून शेजारच्या चटईवर येऊन झोपला. त्याच्या मागोमाग सहा नंबर आला, हातात कोरी वही घेऊन. दूध संस्थेच्या मामांनी आंबिलाचे पेले भरून आणले आणि तेही पाच नंबरच्या चटईवर आडवे झाले.

जूनमध्ये पुढच्या तुकडीसाठी सुभेदारांनी वह्या नव्याने आखून घेतल्या. गोळीचा क्रमांक, गुण आणि घड्याळाची वेळ या रकान्यांच्या आधी आता आणखी एक रकाना आहे, "नंबर पाहिला". तो आखण्याचं काम चार नंबरने केलं.