कच्च्या तेलाची धार

समोर एक पिकलेला ॲव्होकॅडो ठेवा आणि शेजारी वाटीत थोडं करडीचं तेल. लगेच कशालाच हात लावू नका. खांदे सैल सोडा, श्वास आपोआप खाली उतरू द्या. भूक लागलेली असेल तर उत्तमच. पोट भरलेलं असताना अन्नाकडे नीट पाहणं कठीण जातं.

फळ अजून टणक असेल तर हे मनन दोन-चार दिवसांनी करा. ॲव्होकॅडो झाडावर असेपर्यंत पिकत नाही, तोडल्यावरच मऊ होऊ लागतो. कागदी पिशवीत अर्धापूरच्या एक-दोन केळ्यांबरोबर गुंडाळून ठेवा. पिकत्या केळ्यातून इथिलीन वायू निघतो आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो. मेक्सिकोकडून जगभर गेलेलं हे फळ नांदेड जिल्ह्यातल्या या केळ्यांसोबत पिकावं, ही गोष्ट मला फार आवडते.

आता ते हातात घ्या. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबा. किंचित दबलं, तर बियाभोवती सुरी उभी फिरवा आणि दोन्ही अर्धुकं उलट दिशांना पिळून सुटी करा. सालीलगतचा पोपटी रंग आत जाता जाता पिवळा होतो, तिथे नजर थांबू द्या. चमचाभर गर जिभेवर ठेवा. मीठ नको, लिंबू नको. गोडी शोधाल तर सापडणार नाही, आंबटपणाही नाही. फळाकडून आपली जी अपेक्षा असते ती गळून पडेपर्यंत थांबा. मग तोंडभर पसरतं ते जड, मऊ, संथ काहीतरी. ती चरबी आहे.

चरबी म्हणताच मनात काय हलतं, ते पाहा. रक्ततपासणीचा कागद, डॉक्टरांचा इशारा, घरातल्या कुणाचं तरी हृदयाचं दुखणं. ते सगळं येऊ द्या. मग हेही जवळ घ्या: शंभर ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम चरबी असते आणि तिचा मोठा भाग ओलेइक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात असतं त्याचाच. लोणी किंवा डालडा काढून तिथे अशी चरबी आणली तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. नेहमीच्या जेवणावर वरून भर घातली तर मात्र वाढतात त्या कॅलरी, शंभर ग्रॅमला १६० च्या आसपास. तेवढ्याच गरात सात ग्रॅमभर तंतू असतात आणि पोटॅशियम केळ्याहूनही जास्त. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गाजरातलं, पालेभाजीतलं कॅरोटीन अंगी लागायला सोबत स्निग्ध काहीतरी लागतं. कोरडी भाजी पोटात जाते, पण तिच्यातलं बरंचसं तसंच निघून जातं.

आता वाटीतल्या तेलाकडे वळा. बोट बुडवा, वास घ्या. लाकडी घाण्याचं असेल तर बियांचा वास येईल.

डोळे मिटा आणि रब्बीचं शिवार आठवा. नसेल पाहिलं तर कल्पना करा. पाऊस संपत आला आहे, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात करडई पेरली आहे. वर कोवळा पाला येतो. तो खुडून लसूण आणि डाळ घालून त्याची भाजी होते, भाकरीबरोबर. पाला जून झाला की काटे धरतो, म्हणून ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी टाकायच्या, गुरं आत शिरत नाहीत. जमिनीखाली मात्र मूळ उतरत राहतं. दीड-दोन मीटर खाली, काळ्या मातीने पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलीपर्यंत. या मुळाबरोबर तुम्हीही मनाने खाली उतरा. वर भेगा पडल्या आहेत, खाली अजून ओल आहे.

ही ओल किती मोलाची, ते दुष्काळात कळतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. तो उन्हाळा तिथल्या घराघरांत अजून सांगितला जातो. अशा मुलखात ॲव्होकॅडो लावणं सोपं नाही. त्याची अन्नपाणी शोषणारी मुळं वरच्या थरातच पसरतात. त्यांना पाणी सारखं हवं आणि तुंबलेलं मुळीच चालत नाही. भारी काळ्या जमिनीत ती कुजतात. निचऱ्याच्या जमिनीत, ठिबकवर कुणी लावत असेल तर त्याला माझ्या मनापासून शुभेच्छा. पण या मातीची स्वतःची स्निग्धता करडईत आहे, असं मी मानतो. तिच्या तेलात पाऊण भाग लिनोलेइक आम्ल असतं. कोलेस्टेरॉल उतरवण्यात तेही मागे नाही. हे तेल पुन्हा पुन्हा तापवलं की लवकर बिघडतं. म्हणूनच चटणीवर, ठेच्यावर कच्च्या तेलाची धार सोडायची आपल्याकडची रीत मला इतकी शहाणी वाटते. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने तर ओलेइक आम्ल भरपूर असलेली करडईची वाणंही काढली आहेत. ज्या चरबीसाठी आपण महागडं फळ आणतो, ती कोरडवाहू रानातही पिकू शकते.

तरीही करडईचं रान आटत गेलं. सोयाबीन आलं, हरभरा वाढला. काटेरी पीक काढायला माणसं मिळेनाशी झाली. पहाटे दवाने काटे मऊ असतात तोवरच कापणी उरकावी लागते. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचं वाण दिलं, परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने काम चालू ठेवलं. पण ताटात मागणी नसेल तर वाण कुणासाठी? हा प्रश्न आत येऊ द्या, त्याला लगेच उत्तर देऊ नका.

डोळे उघडा. तव्यावर ज्वारीची भाकरी टाका, पापुद्रा सुटू द्या. तोवर ॲव्होकॅडोचा गर काट्याने ठेचा. बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ आणि लगेच लिंबू, म्हणजे गर काळा पडायला वेळ लागेल. त्याला फोडणी देऊ नका, शिजवूही नका. जास्त तापला की तो कडवट होतो. धपाट्याच्या पिठात मात्र तेलाच्या मोहनाऐवजी दोन चमचे गर मळून पाहा, धपाटे मऊ राहतात.

भाकरीचे दोन तुकडे करा. एकावर हा गर. दुसऱ्यावर जवसाची किंवा कारळ्याची चटणी, मध्ये बोटाने खळगा करून त्यात करडीच्या तेलाची धार. एक घास इकडचा, एक तिकडचा. प्रत्येक घास पूर्ण चावून होईपर्यंत हात ताटाकडे जाऊ देऊ नका. पहिला घास जिभेवर लोण्यासारखा बसतो, दुसरा चटणीचा तिखटपणा घशापर्यंत घेऊन उतरतो. यातलं चांगलं कोणतं, हे ठरवायची गरज नाही.

वाटीतलं तेल संपलं की बाटली घेऊन घाण्यावर जा. गाळून कधी ठेवलंय विचारा, बी कुठल्या शिवारातलं आहे विचारा, आणि पुढच्या महिन्याचं आत्ताच सांगून या.