बढती आणि फळा

उत्तम शिक्षकाला बढती मिळाली, की त्याच्या हातातला खडू सुटतो आणि हजेरीपत्रके, पत्रव्यवहार, हिशेब त्याच्या टेबलावर येऊन पडतात. गवयाचे गाणे रंगले म्हणून कोणी त्याला तिकिटांच्या खिडकीवर नेऊन बसवीत नाही. मग चांगले शिकवण्याचे बक्षीस म्हणून शिकवणेच का काढून घ्यावे?

सिंगापूरने २००१ मध्ये यावर तोड काढली. अध्यापन, नेतृत्व आणि विषयतज्ज्ञ अशा तीन वाटा शिक्षकापुढे ठेवल्या. मुख्याध्यापक न होताही माणूस वर चढू शकतो. योजना शहाणपणाची खरी. तथापि अध्यापनाच्या वाटेवरही वरच्या पायरीवर इतर शिक्षकांना घडवण्याचे काम गळ्यात पडते, आणि पोरांच्या वाट्याला तो कमीच येतो.

शिवाय वर कोणाला चढवावे, हे कशावरून ठरवायचे? इंग्लंडने १८६२ मध्ये निकालावर पैसे देण्याचा नियम केला. तपासनीस मुलांची परीक्षा घेई. वाचन, लेखन, गणित यांपैकी एकेका विषयात मूल नापास झाले, की दर विषयामागे शाळेच्या अनुदानातून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शिक्षकाचे पोट त्या अनुदानावर. साहजिकच मंद मूल ही तोट्याची बाब ठरली आणि शिकवण्याची घोकंपट्टी झाली. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा-तपासनीस होता. त्याने या पद्धतीवर कडक टीका केली. तरी ती पुरती जायला शतक सरत आले.

आपल्याकडे महाराष्ट्रात १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी, अशी मुख्यतः सेवेच्या वर्षांची मोजणी आहे. जीव ओतणारा आणि वेळ काढणारा बहुधा एकाच पंक्तीला बसतात. हा अन्यायच आहे. परंतु तो शिक्षक सोसतो. निकाल मोजण्यातला अन्याय मूल सोसते, आणि त्याला दाद मागायला जागा नसते.

कामचुकार शिक्षकही मुलाचेच नुकसान करतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणे वेगळे आणि मुलाच्या गुणांना भाव लावणे वेगळे. चांगल्याची पारख करायची तर जाणत्या सहकाऱ्यांनी वर्षभर त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे. त्याचा पगार वाढवावा, मान वाढवावा आणि त्याला फळ्यापाशीच राहू द्यावे. शिडी अवश्य असावी. ती मुलाच्या खांद्याला टेकवलेली नसावी, एवढेच.