चोरांनी नेलेला देव

2022 च्या ऑगस्टमध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांबच्या राम मंदिरातून जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. बातमी वाचली आणि त्यांच्या दासबोधाचा सहावा दशक आठवला. देव घरातून हरवला, देव चोरांनी नेला म्हणून आक्रोश करणारा भक्त समर्थांनी तिथं साडेतीनशे वर्षांपूर्वीच उभा केला आहे. जो चोरून नेता येतो, फुटतो, तो खरा देव नव्हे, असं त्यांना सांगायचं होतं. जांबकरांना मात्र त्याच मूर्ती परत हव्या होत्या. दोनेक महिन्यांनी त्या सापडल्या. मी जांबकरांच्या बाजूचा.

समर्थ वाचताना माझं असं नेहमी होतं. उपदेशापाशी अडतो, चित्रापाशी रेंगाळतो. तिसरा दशकच घ्या. काय दुखतंय ते सांगता न येणारं तान्हं मूल आणि भलताच उपाय करणारी आई. पुढे लग्न, पोरवडा, कर्ज, दाराशी तगादा आणि शेवटी पोटासाठी परमुलखाची वाट. बायको मेली म्हणून ऊर बडवणारा पुन्हा बोहल्यावर चढतो. हा माणूस आमच्याकडे अजून आहे. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर बायकोसह ऊसतोडीला जातो तो हाच. 2012-13 च्या दुष्काळात वाळलेली मोसंबीची बाग ज्यानं स्वतःच्या हातानं तोडली आणि पाऊस पडताच पुन्हा कलमं आणली, तोही हाच. समर्थ याला मोह म्हणतात आणि दशकाच्या शेवटी वैराग्य सांगतात. मला तो चिवटपणा वाटतो.

राजकारणावरचा एक समास अकराव्या दशकात आहे. माणसं राखावीत, त्यांच्या चुका पोटात घालाव्यात, गाजावाजा न करता काम करावं, असा त्याचा रोख. आमच्याकडे नाली खोदायच्या आधी बॅनर लागतो! समर्थ शिवरायांचे गुरू होते की नव्हते यावर पारावर हातघाईला येणारे पुष्कळ. हा समास वाचलेला एखादाच.

बाराव्या वर्षी बोहल्यावरून पळालेल्या समर्थांना संसाराचं इतकं बारीक कुठून कळलं? परंपरा सांगते की ते 24 वर्षांनी जांबला आले, तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी रडून रडून गेली होती. पुढचा चमत्कार राहू द्या. आंधळ्या आईनं आवाजावरून लेकाला ओळखायची धडपड केली असेल, चेहऱ्यावरून हात फिरवला असेल. तान्ह्यापाशी बसलेली ती आई लिहिताना समर्थांना हा हात आठवला असेल का?