नशेत सुटलेली गोळी कोणाची?

मनुष्यास जडणाऱ्या व्यसनांची मोजदाद आपल्या शास्त्रकारांनी मोठ्या बारकाईने केलेली आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामापासून उपजणारी दहा व्यसने सांगितली असून त्यांतली चार अत्यंत घातक म्हणून निराळी काढली आहेत : मद्यपान, द्यूत, स्त्रीलंपटपणा आणि मृगया. हे सगळे राजासाठी सांगितलेले आहे, असे म्हणून आपण पान उलटतो. पण राजे गेले आणि त्यांची व्यसने मात्र रयतेकडे राहिली. त्यांतली मृगया आणि मद्य ही दोन एकाच रात्री एकाच शेतात भेटली म्हणजे काय होते, याचा विचार करण्याची पाळी आता आमच्या जालना जिल्ह्यातल्या माळकरी माणसावरही आलेली आहे.

माळकऱ्याचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. भोकरदन-जाफराबादकडे मका उभा असतो, अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठाला ऊस असतो. रात्री रानडुकरांचा कळप शिरला की सकाळपर्यंत उभे पीक आडवे होते. डुक्कर खाते थोडे, लोळवते फार. रोह्यांचीही तीच तऱ्हा. शेतकरी चार रात्री माळ्यावर बसून डबे बडवतो, आरोळ्या ठोकतो, आणि पाचव्या दिवशी कोणीतरी कानाला लागतो, "अमक्या गावची पोरं बोलवा. कुत्री हायेत, बंदूक हाये. तुम्ही निस्तं त्यांचं रातचं बघा." रातचं बघा याचा अर्थ भाकर-कालवण नव्हे, हे आपल्याकडे सगळ्यांना कळते.

कीर्तन संपल्यावर लोक पायावर डोके ठेवून निघून जात असताना एक गृहस्थ मागे रेंगाळला. गळ्यात माळ, वारी चुकवीत नाही असा. म्हणाला, "महाराज, बाटलीचे पैसे म्या दिले. पिले ते. बंदूक त्यांची, बोट त्यांचं. गोळी हाकाऱ्याच्या कानाजवळून गेली, माणूस वाचला. पर लागली असती, तर पाप कुणाचं?" माणूस वाचला असूनही हा तीन रात्री झोपला नव्हता. प्रश्न मला मोठा वाटला. त्याला तेव्हा थोडक्यात सांगितले, येथे सविस्तर लिहितो.

आधी मृगयेची बाजू नीट मांडली पाहिजे, नाहीतर विचार एकांगी होईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, आठव्या अधिकरणात, हा वाद आलेला आहे. पिशुन नावाचा आचार्य म्हणतो की द्यूतापेक्षा मृगया वाईट. तीत चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, ठेचकाळणे, वाट चुकणे, भूक, तहान आणि प्राणावरचे संकट आहे. कौटिल्य त्याचे ऐकत नाही. तो म्हणतो, शिकारीत व्यायाम घडतो, कफ, पित्त आणि मेद झडतो, स्थिर व हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, जनावराच्या मनातले ओळखता येते. आता मौज अशी, की या गुणांपैकी एकही गुण प्यालेल्या माणसापाशी उरत नाही, आणि पिशुनाने सांगितलेले संकट मात्र एकूण एक दुणावते. म्हणजे मृगयेचा कैवार घेणाऱ्यालाही मद्याचा कैवार घेता येत नाही. कौटिल्य स्वतः पुढे मद्याविषयी लिहितो ते कठोर आहे : शुद्ध हरपते, वेडा नसून माणूस वेड्यासारखा वागतो, मेला नसून प्रेतवत पडतो.

वैद्यकशास्त्र आज तेच सांगते, शब्द निराळे. दारूने प्रथम विवेक सैल पडतो, मग नजर आणि हात. "अंगात ऊब येते" म्हणून पौषाच्या थंडीत पितात. वस्तुतः कातडीच्या शिरा रुंदावून आतली उष्णता बाहेर जाते, ऊब वाटते तेवढीच. आणि रात्रीची रात्रीच उतरते हाही भ्रम आहे. यकृत आपल्याच संथ गतीने काम करते. मध्यरात्रीपर्यंत चाललेली बैठक पहाटेच्या हाक्यालाही रक्तात असते. मोटार हाकणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य सापडले तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो गुन्हेगार ठरतो. मक्यात अंधारात बंदूक घेऊन बसलेल्याच्या तोंडाला नळी लावून पाहणारा कोणी नसतो.

शुद्धीवरच्या माणसाचीही नजर फसते, हे विसरू नये. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा जथा रानडुकराच्या शिकारीस गेला. काही जण मागेपुढे झाले, आणि डुक्कर समजून आपल्याच सोबत्यांवर गोळी सुटली, माणूस दगावला. पुढे घाबरून प्रेत झुडपात दडवले आणि पोलिसांना कळवलेही नाही. तेथे दारू होती असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की नुसता अंधार आणि उतावीळ यांनी जर इतके होते, तर त्यात तिसरे कशाला घालायचे?

दशरथाची कथा आपण शेकडो वेळा ऐकतो आणि मातापित्यांच्या सेवेकडे वळवतो. ती शिकाऱ्याचीही कथा आहे. पावसाळ्याची रात्र, शरयूचा काठ, घडा बुडाल्याचा आवाज. राजाला वाटले हत्ती पाणी पितो आहे, आणि शब्दवेधी बाण सुटला. राजा प्यालेला नव्हता. नेमही चुकला नाही, नेम अचूक होता. चुकले ते न पाहता सोडणे. कालिदास रघुवंशात आणखी एक काडी लावतो, की हत्ती असता तरी तो मारणे राजास निषिद्धच होते. म्हणजे दोष बाण लागण्याच्या क्षणी उत्पन्न झाला नाही. पाहण्याआधीच सोडायचे असे मनाने ठरवले, तेव्हाच तो झाला होता.

येथे आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. प्यालेला माणूस म्हणतो, "मला कळलं नाही." खरेच आहे, त्याला कळले नव्हते. पण कळण्याचे साधन त्याने कोणाच्या हाताने गमावले? आंधळ्याने ठेच खाल्ली तर आपण हळहळतो. स्वतःच डोळ्यांवर पट्टी बांधून गर्दीत धावणाऱ्याने दुसऱ्याला पाडले, तर "त्याला दिसत नव्हते" हा बचाव होत नाही, ती फिर्याद होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण असेच आहे : पुढे काय होईल, नाश किती, कोणाला इजा, आपली ताकद किती, हे न पाहता मोहाने आरंभलेले. न पाहणे हेच तेथे पाप धरले आहे.

राज्याचा कायदाही येथे शास्त्राशी जुळतो, हे मला विशेष वाटते. १८६० च्या दंडसंहितेत कलम ८५ व ८६ होती. १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच २३ व २४ झाली आहेत. त्यांचा सारांश असा, की कोणी बळेच किंवा नकळत पाजले असेल तर नशेची सबब चालते. आपण होऊन प्यालेल्याला मात्र शुद्धीवरच्या माणसाइतकेच ज्ञान होते असे धरून चालतात. हयगयीने मृत्यू घडवल्यास कलम १०६ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि शुक्राचार्य पहा. असुरांनी कचाला जाळून, त्याची राख सुरेत कालवून गुरूला पाजली. एवढा ज्ञानी, संजीवनी जाणणारा, पण पेल्यात आपलाच शिष्य आहे हे त्याला ओळखले नाही. पुढे कळल्यावर त्याने असुरांवर खापर फोडून हात झटकले नाहीत. ब्राह्मणाने सुरेला शिवू नये असा निर्बंध घालून दिला. चूक घोटात आहे, हे त्याने मान्य केले.

आता जथ्याविषयी. एकटा माणूस घरी पितो त्यात आणि दहा जण गावाबाहेर पितात त्यात फरक आहे. यादवांचा नाश आठवा. मौसलपर्वात द्वारकेत दवंडी पिटलेली आहे, की कोणी सुरा गाळील त्याला बांधवांसह सुळावर देऊ. आणि नगरात लोकांनी ती पाळली! नाश झाला तो प्रभासक्षेत्री, तीर्थयात्रेला गेल्यावर. गाव मागे पडले, दवंडी मागे पडली, सोबत सगळी आपलीच माणसे; पेले फिरले, सात्यकीने कृतवर्म्याची जुनी उणीदुणी काढली, आणि बाप लेकाला ओळखेना. वेस ओलांडली की नेम सुटतो, ही माणसाची जुनी खोड आहे. शिकारीच्या जथ्यात ती दिसते आणि, यात्रेकरूंनी राग मानू नये, दिंडीच्या मागेपुढे चालणाऱ्या काही मोटारींतही दिसते. नाथबाबांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहून १५७३ मध्ये काशीत पुरी केली, त्यातच हा प्रसंग आहे आणि त्याच्या लगेच पुढे जरा व्याधाचा बाण आहे. जरा प्यालेला नव्हता. पानांआडून दिसलेले चरण त्याला हरणाचे तोंड वाटले. भगवंतांनी त्याला अभय दिले. प्यालेल्या यादवांना सोडवायला मात्र कोणी आले नाही.

मग बाटली देणाऱ्याचे काय? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हिंसेचे वाटेकरी मोजले आहेत : अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा-देणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा. यादीत पहिला अनुमती देणारा आहे, हे मी त्या गृहस्थाला दाखवले. वाटेकरी वाढले म्हणून पाप वाटून कमी होत नाही. प्रत्येकाला ते सगळेच लागते. तो म्हणाला, "मंग मका खाऊ द्यावा का डुकरांना?"

मी त्याला मका खाऊ दे म्हणालो नाही. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे त्याला अहिंसेचे व्याख्यान देणे मला जमत नाही. सांगितले ते असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाटेल त्याला मारता येत नाही. पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याकडे अर्ज कर, परवाना लेखी घे, भरपाईचाही अर्ज त्याच हाताने दे. परवान्याचा कागद पाहिल्याशिवाय बंदूकवाल्याला बांधावर उभा करू नकोस. कोण कोठे बसला हे दिवसा ठरू दे, जागा कोणी बदलू नये, आणि जनावर डोळ्यांनी पुरते दिसल्याखेरीज घोड्याला बोट लागू नये. ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला घरी पाठव, मग तो तुझा मेहुणा का असेना. जेवायला पिठलं-भाकरी घाल, चहा कर.

"बिगर बाटलीचं कोण येतं, महाराज?" तो म्हणाला.

"जो येईल त्याच्या हाती बंदूक दे," मी म्हटले. "कोणीच नाही आले, तर दोघे-तिघे मिळून डबे वाजवा."