गुपित कुणाच्या मालकीचं?

परदेशात मुलं वाढवलेल्या तुमच्यापैकी अनेकांना हा प्रसंग ओळखीचा असेल. मुलगी शाळेतून एक कागद घेऊन येते. त्यावर झाड छापलेलं असतं आणि फांद्यांवरच्या चौकोनांत पूर्वजांची नावं भरायची असतात. वडिलांकडचे चौकोन भराभर भरतात. आजी-पणजीपाशी आलं की पेन अडतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, तर पाळण्यातलं नावही बदलायची पद्धत होती. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव फक्त माहेरच्या तोंडी उरायचं, आणि ती माणसं गेली की तेही जायचं.

माझ्या वडिलांच्या आईचं माहेरचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुलीचा तो चौकोन कोराच राहिला. पुढे ती मोठी झाल्यावर आम्ही दोघींनी हौस म्हणून नळीत लाळ भरून डीएनए चाचणीला पाठवली. निकालात कॅनडात राहणाऱ्या एका मराठी बाईंशी माझा सुमारे ६ टक्के डीएनए जुळलेला दिसला. सख्ख्या चुलत, आते किंवा मावस भावंडांत तो सरासरी साडेबारा टक्के जुळतो. त्याच्या निम्मा जुळण्याची कारणं अनेक असू शकतात. त्यातलं एक म्हणजे दोघांची आजी एक, पण आजोबा वेगळे.

आम्ही फोनवर बोललो. त्यांच्या वडिलांना लहानपणी सांगितलं गेलं होतं, 'तुझी आई तापाने गेली.' त्या आईच्या माहेरचं आडनाव आणि गाव माझ्या आजीच्या माहेरचंच निघालं. मग मी त्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत पुन्हा उघडला. त्यात एका मुलीचं नाव आणि तिच्या सासरचं आडनाव होतं. ती आजीची लवकर वारलेली थोरली बहीण, असं आम्ही धरून चाललो होतो. आजीची स्वतःची नोंद मात्र सापडत नव्हती, आणि त्याचा दोष आम्ही संपादकांना देत आलो होतो. आता कळलं की ती 'थोरली बहीण' म्हणजे आजीच. विसाव्या वर्षी ती विधवा झाली. तीन वर्षांनी, १९३५ साली, तिने आजोबांशी पुनर्विवाह केला. पहिला मुलगा पहिल्या सासरीच राहिला. कुलवृत्तांतात तिचं दुसरं लग्न छापलंच नव्हतं.

माझा पहिला विचार होता, 'आजीने आमच्यापासून हे का लपवलं?' हा प्रश्नच चुकीचा आहे, हे समजायला मला काही महिने लागले.

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालचा. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. तिसऱ्या कलमानुसार नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमला नसेल, तर त्याचे नातेवाईक मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज कोर्टात करू शकत. म्हणजे कायद्याने दार उघडलं, पण मूल घेऊन त्यातून बाहेर पडता येईल याची खात्री दिली नाही. समाजाचं तर विचारायलाच नको. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. आजीच्या लग्नापर्यंत चाळीस वर्षं उलटली होती, तरी छोट्या गावात फार काही बदललं नसणार. तेव्हा खरा प्रश्न असा की तिला गप्प बसावं लागेल अशी वेळ तिच्यावर कुणी आणली?

आणि ती खोटं बोलली नाही. 'किती मुलं तुम्हाला?' असं कुणी विचारलं की ती म्हणायची, 'देवाने दिली तेवढी.' आम्हाला तो तिचा बोलण्याचा ढंग वाटायचा.

आता मुद्द्याचं. मेलेल्या माणसाचं गुपित उघडण्याचा हक्क आपल्याला आहे का? काही जण म्हणतील, आता तिला काय फरक पडतो? मला हे पटत नाही. आपण श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतो, कुणाच्या मागे त्याची बदनामी करू नये असं मानतो. म्हणजे मेलेल्यांचं काही देणं आपल्याकडे उरतं हे आपण मान्य केलेलंच आहे. दुसरे म्हणतील, तिने झाकलं ते झाकलेलंच राहू दे. हेही पुरेसं नाही, कारण त्या गुपिताचं दुसरं टोक एका मुलाच्या हातात होतं. आपल्याला आई नाही, असं समजून तो म्हातारा झाला आणि २००४ मध्ये गेला. आजी मात्र १९९१ पर्यंत हयात होती. हे गुपित तिच्या एकटीच्या मालकीचं कधीच नव्हतं.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. गुपितामुळे ज्याच्या आयुष्यातलं काही हिरावलं गेलं, त्याचा जाणून घेण्याचा हक्क सर्वांत मोठा. ज्याला फक्त कुतूहल आहे, त्याचा सर्वांत लहान. आणि माझा हक्क या दुसऱ्या प्रकारचा होता, हे कबूल करायला हवं. आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. वंशावळ हा आपला रविवारचा छंद असतो. तिथे राहणाऱ्यांना मात्र सोमवारी त्याच गल्लीतून, त्याच माणसांसमोरून जायचं असतं.

कॅनडातल्या ताईंना मी सगळं दिलं: आजीचे फोटो, तिच्या हाताच्या लोणच्याची कृती, आणि ते 'देवाने दिली तेवढी'. ते ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सार्वजनिक वंशवृक्षावर मात्र यातलं काही टाकायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

राहिली आत्या, आजीची लेक. ती पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि पुण्यात राहते. तिचा भाऊ होता, आणि तो तिला कधीच भेटला नाही. माझ्या नियमाने तिचा हक्क मोठा. पण आईविषयीची तिची समजूत या वयात मोडण्याचा हक्क मला कुणी दिला? शेवटी मी तिलाच विचारलं, "आत्या, आजीबद्दल मला काही कळलंय. वाईट नाही. तुला ऐकायचंय का?"

फोनवर पंखा फिरल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "आत्ता नको. मी विचारीन तेव्हा सांग."

या गोष्टीला आठ महिने झाले. दर रविवारी आमचा फोन होतो. तिने अजून विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढत नाही. तुमच्या हाती उद्या असं काही लागलं, तर सांगण्याआधी एवढं विचारा. समोरच्याला 'नको' म्हणता आलं पाहिजे. आजीला तेवढीही मुभा नव्हती.